आळ कुत्र्यावर

स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द किलिंग' (1956) या चित्रपटाचा विषय निघाला की लोक शेवटापासून सुरुवात करतात. रात्रीचा विमानतळ. सामानाच्या गाडीवर रचलेल्या बॅगांमध्ये एक भली मोठी सुटकेस. एका बाईच्या हातून निसटून थेट विमानांच्या दिशेने पळालेलं पूडल जातीचं कुत्रं, त्याला वाचवायला ड्रायव्हरने मारलेलं वळण, खाली आपटून उघडलेली सुटकेस आणि विमानाच्या पंख्यांच्या झोतात उडालेल्या 20 लाख डॉलरच्या नोटा. यावरचा शेराही ठरलेला असतो: एवढी चोख योजना, आणि एका कुत्र्याने घात केला!

ज्यांचं वाचन थोडं जास्त, ते कुत्र्याच्या जागी सेन्सॉर आणून बसवतात. त्या काळात हॉलिवूडवर आचारसंहिता होती, चोराला चोरी पचू द्यायची नाही असा दंडक होता, मग दरोडा फसवण्यावाचून दिग्दर्शकाकडे मार्गच कुठे होता, असा त्यांचा सवाल. तिसरा पंथ कुब्रिकच्या भक्तांचा. ते फसण्याची चर्चाच करत नाहीत. कुब्रिक बुद्धिबळपटू होता, त्याने थंड डोक्याने पट मांडला, प्यादी सरकवली, काळ पुढेमागे फिरवला आणि डाव संपवला, हे त्यांना पुरतं.

या तिन्ही मतांत एक सोय आहे. यातलं कुठलंही मानलं तरी पडद्यावरच्या माणसांकडे नीट बघावं लागत नाही. 'द किलिंग' उभा आहे तो मात्र त्या माणसांवरच. सगळं बिघडतं ते त्यांच्यामुळे, आणि दरोडा यशस्वी होतो तोही त्यांच्यामुळेच. हो, दरोडा यशस्वी होतो. कुत्र्यावर आळ घेणाऱ्यांना नेमका त्याचाच विसर पडतो.

जॉनी क्ले (स्टर्लिंग हेडन) पाच वर्षं तुरुंगात काढून नुकताच सुटलाय. आत बसून त्याने एकच धडा घेतलाय. दहा डॉलर चोरले तरी आणि दहा लाख चोरले तरी आत टाकायला वेळ सारखाच लागतो. तेव्हा धोका पत्करायचाच तर रक्कम तशी हवी. म्हणून त्याने लॅन्सडाउन या रेसकोर्सची तिजोरी हेरलीय. साथीदार मात्र त्याने गुन्हेगारांमधून घेतलेले नाहीत. आपली मैत्रीण फे हिला तो स्वतःच सांगतो, की ही सगळी नोकरीधंद्याची, वरकरणी सरळमार्गी माणसं आहेत; प्रत्येकाची काहीतरी अडचण आहे आणि प्रत्येकाच्या मनात थोडी चोरी आहे. रेसकोर्सवरच्या बारमधला माइक ओ'रायली, ज्याची बायको अंथरुणाला खिळलीय. पैजेच्या खिडकीवरचा कॅशियर जॉर्ज पीटी, ज्याला बायकोच्या नजरेत किंमत नाही. रँडी केनन हा पोलीस, सावकाराच्या पाशात सापडलेला. आणि मार्व्हिन अंगर, सुरुवातीच्या खर्चाला पैसे पुरवणारा, आपल्या घरात जॉनीला ठेवून घेणारा एकटा प्रौढ माणूस. त्याचा जॉनीवरचा जीव तो उघड बोलून दाखवू शकत नाही आणि पुरता लपवूही शकत नाही.

आता दरोड्याची रीत बघा. यात भिंत फोडणं नाही, भुयार नाही, तिजोरीच्या चाकाला कान लावून बसलेला कसबी चोर नाही. यातला बहुतेक भाग म्हणजे आपापली नेहमीची नोकरी, फक्त जराशी वाकडी केलेली. बारवाला नेहमीप्रमाणे कामावर येतो; येताना फुलांची एक लांबट पेटी आणतो आणि कामगारांच्या लॉकरमध्ये ठेवतो. त्या पेटीत बंदूक आहे. कॅशियर योग्य क्षणी एक दार आतून उघडतो, जे दार तो एरवीही उघडतोच. पोलीस आपल्या गस्तीच्या गाडीतून एका खिडकीखाली येतो, वरून पडलेली पिशवी उचलतो आणि एका मोटेलवर नेऊन ठेवतो. पोलिसाच्या गाडीची झडती कोण घेणार? बंदूक रोखण्याचं काम तेवढं जॉनीचं. विदूषकाचा रबरी मुखवटा चढवून तो रोकड मोजण्याच्या खोलीत शिरतो, पिशवी भरतो, खिडकीतून खाली टाकतो आणि गर्दीत मिसळून जातो.

उरलेली दोन कामं उक्ती दिलेली आहेत. बारमध्ये दंगा घालून पहारेकऱ्यांना गुंतवायला मॉरिस नावाचा पहिलवान, 2,500 डॉलरवर. सातव्या शर्यतीत 'रेड लाइटनिंग' हा आवडता घोडा लांबून गोळी घालून पाडायला निकी नावाचा नेमबाज, 5,000 डॉलरवर. कशासाठी, हे दोघांनीही विचारायचं नाही. जॉनी निकीला समजावतो ते ऐकण्यासारखं आहे: पकडला गेलास तरी तुझ्यावर आरोप कसला ठेवणार? घोडा मारणं हा काही खून नाही.

हे सगळं ठरल्याप्रमाणे घडतं. घोडा पडतो, मारामारी पेटते, दार उघडतं, पैसे बाहेर येतात, पोलिसाच्या गाडीत जातात, मोटेलवर पोचतात, तिथून जॉनीच्या हातात पडतात. दरोडा म्हणून जे काही करायचं होतं त्यात एकाही साथीदाराने कच खाल्लेली नाही. मार्व्हिनला त्या दिवशी लांब राहायला सांगितलेलं असताना तो दारू पिऊन रेसकोर्सवर येतो, एवढाच काय तो गडबडीचा प्रसंग, आणि त्यानेही काही बिघडत नाही. निकी मरतो, पण तो आपलं काम उरकून मरतो.

मग बिघडतं कुठे? जॉर्जच्या घरात, आणि तेही चित्रपट सुरू झाल्यावर थोड्याच वेळात.

जॉर्ज (इलायशा कुक) आणि त्याची बायको शेरी (मेरी विंडसर) यांचा तो पहिला प्रसंग पुन्हा पाहावा. जॉर्ज कामावरून घरी येतो. शेरी सोफ्यावर आडवी. ती उठलेली नसतानाही दोघांत मोठी कोण हे कळतं, आणि उभी राहिली की ती त्याच्यापेक्षा चांगलीच उंच भरते. तो म्हणतो, आज पोटात दुखतंय. ती विचारते, भोक पडलं असेल का रे पोटात? आवाजात काळजीचा सूर, डोळ्यांत निव्वळ करमणूक. तो चिडत नाही. त्याला सवय आहे. लग्नाच्या वेळी त्याने पैशांची स्वप्नं दाखवलेली आहेत आणि ती त्यातलं एकेक स्वप्न काढून त्याच्या तोंडावर मारते. शेवटी एका क्षणी, तिच्या नजरेत थोडी किंमत यावी म्हणून, तो बोलून जातो की पैसे येणार आहेत, खूप येणार आहेत. पुढचं तिने काढून घेतलंच समजा. रात्र संपायच्या आत ते तिच्या व्हाल नावाच्या प्रियकराच्या कानावर गेलेलं असतं.

इथे शेरीला 'पुरुषांना बुडवणारी बाई' म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. गुन्हेपटांवरच्या लेखांत या साच्याचं कौतुकही फार. पण व्हालसमोर उभी असलेली शेरी या साच्यात बसत नाही. तिथे तिची जीभ लुळी पडते. कुठे होतास, माझी आठवण आली का, अशी विचारपूस ती करते, आणि व्हाल तिला तेवढीच किंमत देतो जेवढी ती जॉर्जला देते. घरी जी मालकीण, ती इथे याचक. हे एकदा दिसलं की कट कसा फुटला याचं कोडं राहत नाही. जॉर्जकडे शेरीला देण्यासारखं एक गुपित सोडून दुसरं काही नव्हतं. शेरीकडे व्हालला देण्यासारखं तेच.

जॉनीला या धोक्याचा सुगावा लागलेला असतो, हे तर आणखी महत्त्वाचं. बैठक चालू असताना शेरी दाराबाहेर सापडते. बाकीचे हादरतात. जॉनी सगळ्यांना पिटाळून तिच्याशी एकटा बोलतो, आणि आपल्याला ही बाई पुरती कळली असं ठरवतो. इतर बायकांना जिथे काळीज असतं तिथे हिला डॉलरचं चिन्ह आहे. म्हणजे पैसे हातात येईपर्यंत ही तोंड उघडणार नाही. हिशेब चुकीचा नाही. शेरी खरंच लोभी आहे. पण तिचा व्हालवर जीवही आहे, आणि ती रक्कम जॉनीच्या वहीत मांडलेलीच नाही. चित्रपटातली सगळ्यात महाग चूक हीच. ती करतो योजनेचा कर्ता, पूर्ण शुद्धीत, बाजूला कुत्रं नसताना.

परिणाम सरळ आहे. पैशांची वाटणी व्हायची त्या संध्याकाळी व्हाल आणि त्याचा जोडीदार बंदुका घेऊन मार्व्हिनच्या घरात घुसतात. जॉनी वाहतुकीत अडकून उशिरा येतोय. आतल्या खोलीत असलेला जॉर्ज गोळ्या झाडत बाहेर येतो आणि काही सेकंदांत खोलीत प्रेतांचा खच पडतो. एकटा जॉर्ज जखमी अवस्थेत तिथून निघतो, घरी जातो, सामान भरत असलेल्या शेरीला गोळी घालतो आणि पोपटाच्या पिंजऱ्यासकट कोसळतो. निकी, मार्व्हिन, माइक, रँडी, व्हाल, त्याचा जोडीदार, शेरी, जॉर्ज: विमानतळावर ते कुत्रं मालकिणीच्या कडेवरून उतरण्याआधी आठ जण मेलेले आहेत. ज्यांच्या अडचणी सोडवायला हा सगळा खटाटोप झाला, त्यांच्यापैकी कुणीही पैसे घ्यायला उरलेलं नाही. यानंतरही 'योजना कुत्र्याने बुडवली' म्हणायचं असेल तर योजना या शब्दात फक्त जॉनी आणि सुटकेस एवढंच धरावं लागेल. जॉनी तसंच धरत होता म्हणा.

आता सुटकेसकडे येऊ. मोटेलवरून पैसे उचलणं, घराबाहेर रक्ताने माखलेला जॉर्ज दिसणं आणि ठरल्याप्रमाणे पैसे ज्याच्याकडे त्याने निसटणं, या घाईत जॉनी एका जुन्यापान्या सामानाच्या दुकानातून सगळ्यात मोठी सुटकेस विकत घेतो. तिचं कुलूप धड लागत नाही. तो खटपट करतो, सोडून देतो. विमानतळावर काउंटरवरचा माणूस अतिशय नम्रपणे सांगतो, की एवढी मोठी बॅग आत नेता येणार नाही, सामानात द्यावी लागेल. जॉनी हुज्जत घालतो. साहेब येतात, तेही नम्र. नियम तो नियम. हवं तर दुसऱ्या विमानाने जा. काही तासांपूर्वी याच माणसाने बंदुकीच्या धाकावर एक अख्खी खोली गप्प बसवली होती. विमान कंपनीच्या सामानाच्या नियमापुढे त्याचं काही चालत नाही आणि तो सुटकेस वजनकाट्याच्या बाजूला सरकवतो. हा प्रसंग कुब्रिकने जितका लांबवलाय तितका नोटा उडण्याचा प्रसंगही लांबवलेला नाही. हेडनचा चेहरा इथे बघावा: मनातली शिवी गिळून सभ्य गृहस्थासारखं बोलायचं, कारण आता तो सभ्य गृहस्थ म्हणूनच बोस्टनला निघालाय.

कुत्र्याने एक वळण घडवलं, हे खरं. पण कुलूप कुत्र्याने मोडलं नव्हतं, नियम कुत्र्याने केला नव्हता, आणि मार्व्हिनच्या घरात, जिथे जॉनी राहत होता त्या घरात, पडलेली प्रेतं विमान सुटल्याने उठून बसणार नव्हती. तुरुंगातून सुटलेल्या माणसाचं नाव तिथून शोधायला पोलिसांना किती वेळ लागला असता? बोस्टनला उतरेपर्यंतचा, फार तर.

सेन्सॉरवाल्यांचा मुद्दा यापेक्षा वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. हॉलिवूडची निर्मिती संहिता 1930 साली स्वीकारली गेली आणि 1934 पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने ती कडकपणे राबवली. प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याकडे झुकता कामा नये, चोरीच्या पद्धती तपशिलात दाखवता कामा नयेत, अशी कलमं तिच्यात होती. 1956 साली अमेरिकेत दरोडेखोर पैसे घेऊन सुखाने निघून गेला असं दाखवणं जवळपास अशक्य होतं. तेव्हा शेवट सुखाचा नसणार हे कुब्रिकला आधीच ठाऊक होतं.

पण संहितेला काय हवं होतं? कायद्याचा विजय दिसायला हवा होता. संहितेचा शिक्का कसा दिसतो ते पाहायचं असेल तर जॉन ह्यूस्टनचा 'द अॅस्फाल्ट जंगल' (1950) पाहावा. त्यातही हेडन, त्यातही फसलेला दरोडा. आणि शेवटाकडे पोलीस आयुक्त पत्रकारांसमोर पोलिसांच्या रेडिओचे आवाज सुरू करून, हे आवाज बंद झाले तर शहराचं काय होईल, असं प्रवचन देतात. बाकीचा चित्रपट इतका उत्तम आहे की हे प्रवचन ठिगळासारखं उठून दिसतं. 'द किलिंग'मध्ये असं ठिगळ शोधून सापडत नाही. त्यात तपास करणारा अधिकारी नाही. कुठलाही पोलीस कुठलाही धागा जुळवत नाही. भरीव भूमिका असलेला एकमेव पोलीस स्वतः कटात आहे. शेवटी दोन साध्या वेशातले पोलीस काचेच्या दारातून बंदुका काढून येतात, तेही काउंटरवरच्या माणसाने बोट दाखवलं म्हणून. पळ, असं फे सांगत असताना जॉनी पळत नाही. आता काय फरक पडतो, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो. चित्रपट तिथेच तोडलाय. अटकही दाखवलेली नाही. संहितेची अट पाळायला दोन मिनिटं आणि एक गोळी पुरली असती. कुब्रिकने त्याऐवजी कायद्याला शेवटच्या क्षणी दारात उभं राहण्यापुरतं काम दिलं.

सेन्सॉरच्या युक्तिवादाला खरं उत्तर अटलांटिकच्या पलीकडे मिळतं, जिथे ही संहिता लागूच नव्हती. ज्यूल्स दासँचा 'रिफिफी' पॅरिसमध्ये तयार झाला, 1955 साली. 'द किलिंग'च्या एक वर्ष आधी. त्यातली जवाहिऱ्याची चोरी अर्ध्या तासाच्या आसपास चालते, संवादाशिवाय आणि संगीताशिवाय. संगीतकार जॉर्ज ऑरिकने त्या प्रसंगासाठी संगीत लिहिलं होतं. पण संगीतासह आणि संगीताशिवाय, दोन्ही प्रकारे पाहिल्यावर ते काढणंच बरं हे त्यालाही पटलं. वरच्या मजल्यावरून छताला भोक पाडायचं, त्यातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडायची, म्हणजे ढिगारा छत्रीतच पडेल; धोक्याच्या घंटेत आग विझवण्याच्या नळकांड्यातला फेस भरायचा. अमेरिकन संहितेने हे सगळं कापायला सांगितलं असतं. चोरी निर्विघ्न पार पडते. आणि मग? तिजोऱ्या उघडण्यात निष्णात असलेला सेझार क्लबमधल्या एका गायिकेला लुटीतली अंगठी भेट देतो. त्या एका अंगठीवरून दुसऱ्या टोळीला माग लागतो, आणि शेवटी चौघांपैकी कुणीही जिवंत राहत नाही. कुणी सांगितलं होतं दासँला चोरांना मारायला? त्याच्यावर डोळे वटारणारं ब्रीनचं कार्यालय तिथे नव्हतं.

दासँचं उदाहरण आणखी एका कारणाने इथे येतं. कम्युनिस्ट असल्याचा ठपका येऊन हॉलिवूडने त्याला काळ्या यादीत टाकलं, म्हणून तो फ्रान्सला गेला. त्याचं नाव त्याच्याच व्यवसायातल्या माणसांनी कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे घेतलं होतं. 'रिफिफी'तला तोंड उघडणारा सेझार त्याने टोपणनावाने स्वतः रंगवला आणि त्याला टोळीच्या म्होरक्याकडून गोळी खायला लावली. इकडे 'द किलिंग'चा नायक स्टर्लिंग हेडन 1951 साली त्याच समितीपुढे जाऊन नावं सांगून आला होता आणि पुढे आत्मचरित्रात त्याने त्याबद्दल स्वतःला झोडपून घेतलं. कोण कधी का बोलतं, हा प्रश्न त्या वर्षांत या मंडळींसाठी पटकथेपुरता नव्हता.

संहितेबाहेर दरोडे फसवणारा दासँ एकटा नव्हता. फ्रेंच दिग्दर्शक मेलव्हिलचा 'बॉब ल फ्लांबर' (1956) घ्या. कॅसिनो लुटायला आलेला बॉब जुगाराच्या टेबलावर बसतो, जिंकत सुटतो आणि दरोड्याची वेळच विसरतो. मोनिचेल्लीच्या इटालियन विनोदी चित्रपटातले (1958, इंग्रजीत 'बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट') भुरटे चोर रात्रभर खपून भलतीच भिंत पाडतात, त्याच घराच्या स्वयंपाकघरात निघतात आणि तिथे सापडलेला छोल्यांचा पास्ता खाऊन घरी जातात. अमेरिकेत संहिता 1968 साली गेली. त्यानंतर दरोडेखोर सुखी झाले का? सिडनी ल्युमेटच्या 'डॉग डे आफ्टरनून' (1975) मध्ये बँक लुटणारा दुपारभर रस्त्यावरच्या गर्दीचा लाडका होतो आणि रात्री विमानतळावर पकडला जातो. टॅरंटिनोच्या 'रिझर्व्हायर डॉग्ज' (1992) मध्ये तर दरोडा पडद्यावर येतच नाही; येतं ते फक्त बिघडलेलं. कुणाचीही सक्ती नसताना दिग्दर्शक पुन्हा पुन्हा तिकडेच जातात, कारण पैसे नेण्यापेक्षा एकमेकांवर भरवसा ठेवावा लागणारी चार-पाच माणसं एका खोलीत बसवणं जास्त रंगतं.

आता बुद्धिबळ. कुब्रिक पैसे लावून बुद्धिबळ खेळायचा हे खरं, आणि मॉरिसची भूमिका करणारा कोला क्वारियानी हा त्याच्या बुद्धिबळाच्या वर्तुळातला, जॉर्जियातून आलेला खराखुरा पहिलवान होता, हेही खरं. जॉनी त्याला भेटायला जातो ती जागा बुद्धिबळाचा अड्डाच आहे. पण तिथे काय बोलणं होतं? जाडजूड उच्चारांत मॉरिस जॉनीला सांगतो, की लोकांच्या लेखी गुंड आणि कलावंत सारखेच. लोक त्यांना डोक्यावर घेतात, पण वैभवाच्या शिखरावर असतानाच त्यांचा नाश झालेला बघावा अशी इच्छाही मनात बाळगतात. जॉनी एक वायफळ विनोद करून विषय उडवून लावतो आणि कामाचं बोलतो. म्हणजे सबंध चित्रपटात जो खरा बुद्धिबळपटू आहे तोच जॉनीच्या मार्गाबद्दल खिन्न आहे. माणसांना प्यादी समजणारा जॉनी आहे. ती समजूत दिग्दर्शकाच्या गळ्यात घालायची तर शेरी आणि जॉर्ज यांच्यावर इतका वेळ का घालवला, याचं उत्तर द्यावं लागेल. दरोड्याच्या यंत्रात त्या संसाराचं काहीच काम नाही.

शेरी-जॉर्जच्या त्या संवादांचं श्रेय कुणाचं हेही थंडपणाच्या भक्तांनी जरा आठवावं. लायनल व्हाइटच्या 'क्लीन ब्रेक' या कादंबरीवरून चित्रपट बेतला. संवादांसाठी कुब्रिकने जिम थॉम्पसनला घेतलं, जो हरलेल्या, दारुड्या, खोटारड्या माणसांच्या तोंडची भाषा लिहिण्यात मुरलेला कादंबरीकार. पडद्यावर पटकथेचं श्रेय मात्र कुब्रिकने एकट्याकडे ठेवलं आणि थॉम्पसनला फक्त संवादांपुरतं दिलं. थॉम्पसनला ते लागलं. तरी पुढच्या 'पाथ्स ऑफ ग्लोरी'साठी तो पुन्हा कुब्रिकबरोबर लिहायला बसला.

उरला काळाचा खेळ. चित्रपट एका शनिवारी दुपारी पावणेचारला सुरू होतो आणि एक निवेदक, बातमीपटातला वाटावा असा, घड्याळाच्या वेळा सांगत आपल्याला पुढे-मागे नेतो. (त्याच्या काही वेळा एकमेकींशी जुळत नाहीत हे अभ्यासकांनी दाखवलं आहे, योजनेच्या अचूकतेची ग्वाही देणारा आवाजच चुकतो.) दरोड्याच्या दिवशी आपण माइकबरोबर दिवस काढतो, मग परत मागे येऊन रँडीबरोबर, मग मॉरिसबरोबर, निकीबरोबर, सर्वांत शेवटी जॉनीबरोबर. सातव्या शर्यतीची लाउडस्पीकरवरची तीच घोषणा पुन्हा पुन्हा कानावर पडते. याला करामत म्हणणाऱ्यांनी या मांडणीमुळे काय हाती लागतं ते निकीच्या भागात पाहावं.

निकीला (टिमथी केरी) घोड्यावर नेम धरायला एका बंद ठेवलेल्या पार्किंगमध्ये गाडी लावायची आहे. तिथला कृष्णवर्णीय रखवालदार (जेम्स एडवर्ड्स) नाही म्हणतो. निकी युद्धात जखमी झाल्याची थाप मारतो, वर पैसे देतो. रखवालदार स्वतः लंगडत चालतो. त्याला हा आपल्यातला वाटतो. तो परत परत येतो, शर्यतीचा कार्यक्रम आणून देतो, शुभ म्हणून घोड्याचा नाल देतो. शर्यत जवळ आलेली, निकीला तो तिथे नकोय. सरळ सांगण्याऐवजी निकी त्याला वर्णावरून शिवी हासडतो. एडवर्ड्सचा चेहरा एका क्षणात बंद होतो. तो नाल जमिनीवर फेकतो आणि लंगडत निघून जातो. निकी घोडा पाडतो, गाडी मागे घेतो, त्याच नालावरून चाक जातं आणि टायर फुटतो. पहारेकऱ्याच्या गोळीने तो 4 वाजून 24 मिनिटांनी मेलेला असतो. पडद्यावर जॉनीने अजून मुखवटाही चढवलेला नाही. यात नशीब शोधणाऱ्याने शोधावं. नाल तिथे का पडला होता हे कॅमेऱ्याने आपल्याला सावकाश, शेवटपर्यंत दाखवलेलं आहे.

हाच भाग सरळ क्रमाने लावला असता तर दंगा, दार, मुखवटा यांच्या मध्ये कुठेतरी वीस सेकंदांत एक टायर फुटला असता आणि रखवालदार गर्दीतला एक अडथळा होऊन गेला असता. तसं करून पाहण्याची वेळ कुब्रिकवर खरंच आली होती. सुरुवातीला चित्रपट पाहिलेल्यांना काळाच्या उड्या खटकल्या, हेडनच्या प्रतिनिधीने तर आपल्या नटाचं नुकसान झाल्याची ओरड केली. कुब्रिक आणि निर्माता जेम्स हॅरिस, दोघेही तेव्हा तिशीच्या अलीकडचे, न्यूयॉर्कला गेले आणि सगळी रिळं घटनाक्रमाने लावून पाहिली. त्यातून जे उभं राहिलं ते त्यांना साधारण गुन्हेपटासारखं वाटलं. त्यांनी ते मोडलं, चित्रपट पुन्हा पहिल्यासारखा जोडला आणि तसाच युनायटेड आर्टिस्ट्सच्या हवाली केला. कंपनीने तो 'बँडिडो' नावाच्या रॉबर्ट मिचमच्या चित्रपटाला जोडून, एका तिकिटात दोन या हिशेबातला दुय्यम चित्रपट म्हणून लावला.